लॉरासाठी टर्बो निवडताना : हेड, डिस्चार्ज आणि अकरा किलो हवा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे आणि त्याच्या मागच्या शेडमध्ये २०११ सालची एक स्कोडा लॉरा उभी असते. १.८ लिटरचे टीएसआय इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, कंपनीतून निघताना १६० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क. चार वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा ती घरची गाडी म्हणूनच घेतली होती. पुढे तिच्या मागच्या सीटा निघाल्या, सस्पेन्शन बदलले, आणि आता ती फक्त ट्रॅकवरच धावते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून तिला ट्रकवर चढवून कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यावे लागते. कोल्हापुरातला कार्टिंगचा ट्रॅक आम्हाला तासाभराच्या अंतरावर आहे आणि गाडी चालवण्याची शिस्त मी तिथेच शिकलो, परंतु लॉरासारख्या गाडीला तो पुरत नाही.

या गाडीचा टर्बो बदलायचा हे दोन वर्षांपूर्वी ठरले. कोणता बसवायचा, हे ठरायला मात्र या वर्षीचा पावसाळा संपावा लागला. तो निर्णय कसा झाला हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण याच वाटेने जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी सर्वाधिक चुकताना या एकाच टप्प्यावर पाहिले आहे आणि मीही चुकण्याच्या अगदी बेतात होतो.

मूळ टर्बो बोर्गवॉर्नर कंपनीचा के-०३ आहे. रस्त्यासाठी तो उत्तम आहे. इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क मिळतो, म्हणजे पेठ नाक्याच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्येही गाडी अडखळत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, रिमॅप केल्यावर (त्यातले आकडे बदलल्यावर) या टर्बोवर दोनशेच्या आसपास अश्वशक्ती मिळते, आणि ती मी घेऊनही पाहिली. पहिले दोन लॅप गाडी सुंदर पळायची. चौथ्या लॅपला सरळ पट्ट्यावर ती जड वाटू लागायची आणि सहाव्या लॅपला तर मूळ गाडीच चालवत आहोत असे वाटायचे. गाडीतल्या सेन्सरांच्या नोंदींचे लॉग काढून पाहिले तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळात, जाणाऱ्या हवेचे तापमान ७४ अंशांवर पोहोचले होते आणि इंजिन ठोकू नये (इंधन अवेळी पेटून धक्के बसू नयेत) म्हणून ईसीयू इग्निशन मागे मागे ओढत होता. रिमॅपने मिळालेली शक्ती अशी उष्णतेत जात होती. मोठा टर्बो हवा, असा निष्कर्ष मी तिथेच काढला आणि गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीची यादी उघडून बसलो.

जीटी२८६०आरएस हा टर्बो मनात भरला. साठ मिलिमीटरचे कॉम्प्रेसर चाक, बॉल बेअरिंग, ३६० अश्वशक्तीपर्यंतची क्षमता. त्याची छायाचित्रे मी घरी आण्णांना दाखवली. आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी आयुष्यभर भिलवडीच्या बाजूला कृष्णेवर उपसा सिंचनाचे पंप सांभाळले. जॅकवेलमधली (नदीकाठच्या उपशाच्या विहिरीतली) मोटार नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. त्यांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यो फिरतो कशावर?" मी सांगितले की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक ताजी हवा दाबून इंजिनात ढकलते. त्यावर ते म्हणाले, "म्हंजी पंपच की. आरं, पंप मोटारीच्या एच.पी.वर बघून घेत न्हाईत. पाणी किती पायजे आन् किती उंच न्यायचं हाय ते आधी सांग, मग पंपाचं बोलू."

त्यांनी मग आमच्या वाडीतल्या एका सामाईक योजनेची हकिगत सांगितली. दहा अश्वशक्तीचा पंप काढून लोकांनी पंधराचा बसवला, पण नळ मात्र जुनाच चार इंची ठेवला. शेवटच्या रानापर्यंत पोहोचणारे पाणी जवळजवळ तेवढेच राहिले आणि विजेचे बिल वाढले, कारण वाढलेली सगळी ताकद नळाच्या घर्षणात जात होती. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिचा माझ्या गाडीशी संबंध आहे हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले.

सेंट्रिफ्यूगल पंप आणि टर्बोचा कॉम्प्रेसर, म्हणजे त्याची हवा दाबणारी बाजू, ही एकाच घराण्यातली यंत्रे आहेत. फिरणारे चाक मधून द्रव किंवा वायू ओढून घेते, वेगाने बाहेर फेकते, आणि भोवतीच्या गोगलगाईच्या आकाराच्या कवचात त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. किर्लोस्करवाडीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला पंपाचा आलेख नवा नसतो. आडव्या अक्षावर डिस्चार्ज (किती पाणी), उभ्यावर हेड (किती उंच), आणि त्यावर उतरत जाणारी वक्ररेषा. कॉम्प्रेसरच्या नकाशातही आडव्या अक्षावर दर मिनिटाला जाणारी हवा असते आणि उभ्यावर दाबाचे गुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा दाब आत येणाऱ्या दाबाच्या किती पट आहे तो आकडा. नकाशावर भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखी कार्यक्षमतेची वर्तुळे एकात एक काढलेली असतात. डावीकडे सर्जची रेषा असते; तिच्या पलीकडे हवा इतकी कमी आणि दाब इतका जास्त होतो की हवा चाकातूनच उलटी फिरू लागते आणि बेअरिंगवर धक्के बसतात. उजव्या कडेला चाक गुदमरते. तिथे कितीही जोरात फिरवले तरी हवा वाढत नाही, नुसती तापते. म्हणून टर्बो निवडणे म्हणजे आपल्या इंजिनाचे बिंदू या नकाशावर मांडून ते मधल्या वर्तुळांत पडतात की नाही हे पाहणे. त्यासाठी आधी ते बिंदू काढावे लागतात आणि नेमके तेच काम सहसा कोणी करत नाही.

मी ते काम एका रात्री वहीवर केले. हवी असलेली शक्ती २४० अश्वशक्ती धरली. ही संख्या का, ते पुढे येईल. ट्रॅकवर पूर्ण ॲक्सिलरेटर असताना दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २३० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, म्हणजे तासाला ५५ किलो पेट्रोल. दर किलो पेट्रोलमागे १२ किलो हवा धरली तर तासाला सुमारे ६६० किलो, म्हणजेच मिनिटाला ११ किलो हवा. हा झाला डिस्चार्ज. अकरा किलो हवा म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : आमच्या बैठकीच्या खोलीतली सगळी हवा तोलली तर ती चाळीस किलोच्या आसपास भरेल. ती सगळी हवा हे इंजिन चार मिनिटांच्या आत पिऊन टाकते.

आता हेड. १,७९८ घनसेंटिमीटरचे चार स्ट्रोकचे इंजिन ६,००० फेऱ्यांवर मिनिटाला ३,००० वेळा भरते. सिलिंडर ९२ टक्के भरतात असे मानले तर मिनिटाला साधारण ४.९६ घनमीटर हवा आत जाते. इतक्याच जागेत ११ किलो हवा बसवायची तर तिची घनता दर घनमीटरला २.२२ किलो हवी. मॅनिफोल्डमधले तापमान ५५ अंश राखता आले तर त्या घनतेसाठी २०९ किलोपास्कल इतका निरपेक्ष दाब लागतो. इंटरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा भाग) आणि नळ्यांमध्ये ८ किलोपास्कल दाब खर्ची पडेल असे धरले, म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी २१७ हवेत.

इथे सांगलीचा आणि चेन्नईचा फरक येतो, आणि मला या सगळ्या हिशेबात तोच सर्वांत रंजक वाटला. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि एअर फिल्टरमधून ओढताना त्यातले तीन जातात. २१७ ला ९२ ने भागले की गुणोत्तर २.३६ येते. चेन्नईचा ट्रॅक जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे, तिथे तेच गुणोत्तर २.२१ होते. म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी सांगलीत टर्बोला अधिक जोरात फिरावे लागते. आण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांना क्षणभरही लागला नाही. उन्हाळ्यात कृष्णेची पातळी खाली गेली की हेड वाढते आणि तोच पंप कमी पाणी देतो, हे त्यांनी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये अनुभवले होते. या फरकाचा व्यवहारातला अर्थ असा की इथे ट्यून केलेली गाडी चेन्नईत टर्बोच्या दृष्टीने सुखात असते. उलट चेन्नईत अगदी कडेपर्यंत ट्यून केलेली गाडी इथे आणली आणि ईसीयूने तोच दाब मागितला, तर टर्बो मर्यादेबाहेरच्या वेगाने फिरू शकतो. पंचावन्न मिलिमीटरचे चाक मिनिटाला १,७०,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळजवळ ४९० मीटर वेगाने जात असते, म्हणजे ध्वनीपेक्षा कितीतरी अधिक. इतक्या वेगावर थोडी मर्यादा ओलांडणेही महागात पडते.

मग उष्णता. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असताना फिल्टरपाशी ४५ अंशांची हवा येते. ती २.३६ पट दाबली आणि कॉम्प्रेसर ७४ टक्के कार्यक्षमतेच्या वर्तुळात असला, तर ती सुमारे १६५ अंशांवर बाहेर पडते. तोच बिंदू नकाशाच्या कडेला, ६२ टक्क्यांवर पडला, तर १८८ अंशांवर. चांगल्या इंटरकूलरनंतर या दोहोंतला फरक तीन-चार अंशांवर येतो, आणि पहिल्यांदा हे उत्तर आले तेव्हा मला वाटले की मग एवढा विचार कशासाठी करायचा. पण इंटरकूलरने काढून टाकायची उष्णता पाहिली तर पहिल्या बाबतीत ती सुमारे २० किलोवॅट आहे आणि दुसऱ्या बाबतीत २४. सहा-आठ लॅप सलग हा जास्तीचा भार सोसताना इंटरकूलरचे धातूच तापून बसते आणि मग ते तीन-चार अंश वीस होतात. माझ्या लॉगमधले ७४ अंश असेच आलेले होते. शिवाय कॉम्प्रेसर फिरवायलाही पहिल्या बाबतीत २२ किलोवॅट लागतात आणि दुसऱ्या बाबतीत २६. बावीस किलोवॅट म्हणजे तीस अश्वशक्तीची मोटार. आमच्या जॅकवेलवरच्या मोटारीपेक्षा मोठी शक्ती तळहातावर मावणाऱ्या एका चाकातून येत असते, आणि ती येते धुरातून.

म्हणून टर्बाइनची, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या चाकाची, बाजू कॉम्प्रेसरइतकीच महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडच्या चर्चांत नेमकी तीच सुटते. टर्बाइन लहान असेल तर ते लवकर फिरू लागते, पण वरच्या फेऱ्यांवर धुराला बाहेर पडायला वाट पुरत नाही. धूर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये तुंबतो, थोडा सिलिंडरमध्येच मागे राहतो, पुढच्या हवेला तापवतो आणि इंजिन ठोकू लागते. माझ्या के-०३ ची खरी अडचण हीच होती. टर्बाइनचे कवच निवडताना ए बाय आर नावाचा एक आकडा पाहतात : कवचातल्या वाटेचे क्षेत्रफळ भागिले त्या वाटेचे मध्यापासूनचे अंतर. आकडा लहान असला की धूर चाकावर जोराने आपटतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, लवकर येतो. मोठा असला की बूस्ट उशिरा येतो, पण वर मोकळेपणा मिळतो. जीटी२८६०आरएसला ०.६४ आणि ०.८६ असे दोन पर्याय मिळतात. १.८ लिटरच्या इंजिनाला लहान कवच घेतले तरी ते मोठेच पडते, कारण मुळात धूरच तेवढा नसतो.

हे वहीवर उतरल्यावर प्रश्न उरला तो ट्रॅकचा. कागदावरचा ६,००० फेऱ्यांचा बिंदू सगळेच मांडतात. मी करीवरच्या मागच्या फेरीचे लॉग काढले आणि प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन किती फेऱ्यांवर असते ते एकेक करून लिहिले. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे आणि त्यात वळणे दाटीने आहेत. सर्वांत हळू वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना आकडा ३,३०० होता. त्याखाली इंजिन एकदाही गेले नव्हते. लॅपच्या वेळेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वेळ ते ४,००० ते ६,२०० च्या दरम्यान होते.

या दोन वाक्यांनी निर्णयाचा बराचसा भाग करून टाकला. के-०३ चा १,५०० फेऱ्यांवर येणारा टॉर्क ट्रॅकवर कधीच वापरला जात नव्हता. त्यासाठी मी वरच्या टोकाला उगाच किंमत मोजत होतो. दुसऱ्या बाजूला, ३,३०० फेऱ्यांवर पूर्ण दाब हवा असेल तर त्या वेळी इंजिन मिनिटाला जेमतेम ६ किलो हवा घेते. २.३६ गुणोत्तरावर हा बिंदू जीटी२८६०आरएसच्या नकाशावर मांडला तर तो सर्जच्या रेषेला खेटून पडतो, आणि तेवढ्या धुरावर तो टर्बो तितका दाब तयार करण्याच्या स्थितीतच नसतो. पूर्ण बूस्ट येईपर्यंत आणखी सहाशे-सातशे फेऱ्या जातील आणि तोवर वळणाबाहेरचा सर्वांत मोलाचा क्षण निघून गेलेला असेल. प्रत्येक लॅपला, प्रत्येक हळू वळणावर हे होणार. त्यातून अचानक आलेला टॉर्क पुढच्या चाकांवर पडला की गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाते, हे वेगळेच. ३६० अश्वशक्तीचा टर्बो २४० साठी घेणे म्हणजे आमच्या वाडीने चार इंची नळावर पंधराचा पंप बसवण्यासारखेच झाले असते.

उरले दोन पर्याय. एक, के-०३ च्याच कवचात मोठी चाके बसवलेला हायब्रिड टर्बो. त्यात नळ्या, फ्लँज काही बदलावे लागत नाही, काम स्वस्तात होते. परंतु कवच तेच राहिल्यामुळे टर्बाइनकडचा गळा पुरेसा मोकळा होत नाही, आणि माझी मूळ तक्रार तीच होती. दुसरा, के-०४-०६४. हा युरोपात त्या काळच्या ऑडी एस३ आणि सहाव्या पिढीच्या गोल्फ आर या २.० लिटरच्या गाड्यांना कंपनीतूनच बसवलेला असे आणि त्यावर त्या गाड्या २६५ ते २७० पीएस देत. के-०३ प्रमाणेच त्याचे टर्बाइनचे कवच आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकसंध ओतीव आहे, त्यामुळे वेगळे मॅनिफोल्ड वेल्ड करावे लागत नाही. वेल्ड केलेल्या मॅनिफोल्डला ट्रॅकच्या उष्णतेत तडे जाताना मी पाहिले आहेत, म्हणून माझ्या लेखी हा मोठा गुण आहे. तेल-पाण्याच्या लाइन आणि इनटेकचा नळ तेवढा बदलावा लागतो. ११ किलो हवेचा माझा बिंदू त्याच्या नकाशात सुखाने बसतो, आणि १.८ लिटरवर तो ३,३०० च्या आसपास जागा होतो. मी के-०४ घेतला.

आता २४० ही संख्या का, ते सांगतो. ५,५०० फेऱ्यांवर २४० अश्वशक्ती म्हणजे ३०६ न्यूटन-मीटर टॉर्क. या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, मूळचे २५० साठी आहेत. कंपनीने ठेवलेली सवलत मी वापरतो आहे, पण ती पूर्ण उधळायची नाही असे ठरवले आहे. रॉड वाकतात ते शक्तीने नव्हे, तर कमी फेऱ्यांवर एकदम आलेल्या टॉर्कने, म्हणून ट्यूनमध्ये ४,००० फेऱ्यांखाली २८० न्यूटन-मीटरची मर्यादा घातली आहे. इंजिन उघडून फोर्ज्ड (घडीव) रॉड घालण्याचे बजेट आज माझ्याकडे नाही, आणि ते नसताना ३०० अश्वशक्तीचे स्वप्न पाहणे मला पटत नाही.

खरेदीत मात्र मी फसलो. परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून नवा, मूळ कंपनीचा म्हणून घेतलेला के-०४ खोक्यातून काढल्याबरोबर हाताला खटकला. चाकाच्या पात्यांच्या कडा खरखरीत होत्या. टर्बोची चाके समतोल करताना नटावर आणि चाकाच्या पाठीवर बारीकसे घासून धातू काढलेला असतो, त्या खुणा कुठेच नव्हत्या. मी तो बेंचवर घट्ट धरला, दांड्याच्या टोकाला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला आणि दांडा पुढे-मागे ढकलून पाहिला. ०.१८ मिलिमीटर. साध्या बेअरिंगच्या टर्बोचा दांडा आडवा थोडा हलतो, कारण तो तेलाच्या थरावर तरंगण्यासाठीच असतो. पण अक्षाच्या दिशेने, नव्या टर्बोमध्ये, एवढी हालचाल असूच नये. कॉम्प्रेसरच्या कवचात आतून एक चकचकीत वर्तुळही दिसले, म्हणजे चाक तिथे आधीच घासत होते. तो नकली माल होता. हा टर्बो तसाच चढवला असता तर पहिल्याच दिवशी पात्यांचे तुकडे इंटरकूलरमध्ये गेले असते. पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते, कारण ते चार महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते. शेवटी अपघातात गेलेल्या एका गाडीतून निघालेला अस्सल के-०४ मिळवला, पुण्यात त्याची बेअरिंगे आणि सील बदलून घेतली आणि उच्च वेगाच्या यंत्रावर तो बॅलन्स करून त्याचा छापील आलेखही मागून घेतला. टर्बो घेणाऱ्या प्रत्येकाने दोन-अडीच हजारांचा डायल गेज सोबत ठेवावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

इंधनाबद्दल थोडक्यात. ट्रॅकवर मी शंभर ऑक्टेनचे पेट्रोल वापरतो. इकडच्या पंपांवर मिळणाऱ्या ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि ते इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या भागातून जाते, याचे मला कौतुक आहे. इथेनॉल ठोकण्याला चांगला विरोध करते आणि बाष्प होताना हवेला गार करते. परंतु शुद्ध पेट्रोलला दर किलोमागे १४.७ किलो हवा लागते तर इथेनॉलला फक्त ९. ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावे लागते, आणि या गाडीचा उच्च दाबाचा पंप आधीच टोकाला आहे. म्हणून ट्यून करताना हवा-इंधनाचे आकडे न पाहता लॅम्डा (प्रत्यक्ष मिळालेली हवा त्या इंधनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट आहे तो आकडा) पाहावा आणि ज्या इंधनावर ट्यून केले त्याच इंधनावर गाडी पळवावी.

टर्बोसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी पहिला खर्च इंटरकूलरवर केला. १६५ अंशांची हवा ५५ वर आणायची तर बाहेर ४० अंश असताना त्याला उपलब्ध फरकातली ८८ टक्के उष्णता काढावी लागते. मूळच्या इंटरकूलरकडून ते होणे शक्यच नव्हते. त्यानंतर क्लच, कारण मूळ क्लच रिमॅपनंतरच तिसऱ्या गिअरमध्ये घसरू लागला होता. मग ऑइल कूलर. ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा मागे वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्हही बदलला. या इंजिनावरच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबराचा पडदा असतो, तो फाटला की बूस्ट गळतो आणि माणूस विनाकारण टर्बोला दोष देत बसतो.

मागच्या रविवारी टर्बो चढवला. तेलाच्या लाइनच्या बॅन्जो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले, वरून सिरिंजने तेल सोडून दांडा हाताने फिरवला, मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवले. परतीच्या लाइनखाली आण्णा स्टीलची वाटी धरून बसले होते. तीन वेळा फिरवल्यावर तेलाची धार वाटीत पडली. "आलं पाणी," ते म्हणाले, आणि मी फ्यूज परत बसवला.

गाडी अजून ट्रॅकवर गेलेली नाही. काल कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक तापमानाचा सेन्सर बसवला आहे आणि त्याची तार डॅशबोर्डखालच्या लॉगरपर्यंत आणली आहे. करीवरच्या पहिल्या फेरीत मला दोनच आकडे पाहायचे आहेत : सर्वांत हळू वळणातून बाहेर पडताना २०९ किलोपास्कल इंजिनाच्या किती फेऱ्यांवर येतात, आणि आठव्या लॅपला त्या सेन्सरवर १६५ दिसतात की १८८.